शरच्चंद्र : परीक्षेची फी न भरू शकलेला विद्यार्थी

हुगळीच्या अलीकडे आपले खिदिरपूर आणि येथील गोदी. पलीकडे हावड्याचे शिवपूर. १९१६ साली रंगूनची नोकरी सोडून आलेला, चाळिशीच्या उंबरठ्यावरचा एक कारकून बाजे शिवपुरात बिऱ्हाड करून राहिला. ते शरच्चंद्र चट्टोपाध्याय. मामा वरेरकरांनी त्यांचे साहित्य मराठीत आणले आणि आपल्यापैकी अनेकांना बंगाली अक्षरओळख होण्यापूर्वीच हा लेखक घरचा झाला.

शरच्चंद्रांचा जन्म १५ सप्टेंबर १८७६ रोजी हुगळी जिल्ह्यातील देवानंदपूर या खेड्यात झाला. वडील मोतीलाल हे कथा-कादंबऱ्या आरंभून अपुऱ्या सोडणारे, कोणत्याही नोकरीत न टिकणारे गृहस्थ होते. संसाराचा भार आई भुवनमोहिनी यांच्या माहेरावर, भागलपूरच्या गांगुली कुटुंबावर पडे. आजोळच्या आश्रयाने वाढणाऱ्या मुलाला उपकारांची जाणीव फार लवकर होते. त्यांच्या कथांतील पोरकी, आश्रित मुले याच अनुभवातून आलेली असावीत, असे मला वाटते.

१८९४ साली ते एंट्रन्स उत्तीर्ण झाले. पुढे एफ. ए.चा अभ्यास झाला. परंतु परीक्षेची फी भरण्याइतके पैसे जमले नाहीत आणि शिक्षण तेथेच संपले. दरवर्षी फी-सवलतीचे अर्ज वाचताना मी या ठिकाणी नेहमी अडखळते. त्या कॉलेजच्या दप्तरात ही केवळ एक कोरी जागा राहिली असेल.

वडिलांच्या निधनानंतर ते काही महिने भवानीपूरला नातलगांकडे राहिले आणि १९०३ च्या जानेवारीत ब्रह्मदेशास गेले. रंगूनला हिशेब खात्यात कारकुनी मिळाली. राहणे मात्र मिस्त्री-कामगारांच्या वस्तीत होते. तेथे ते त्यांचे अर्ज लिहीत, आजाऱ्यांना होमिओपॅथीची औषधे देत. त्याच वस्तीतील एका मिस्त्रीची मुलगी शांती हिला तिचा बाप एका दारुड्याच्या गळ्यात बांधू पाहत होता. शरच्चंद्रांनी तिच्याशी विवाह केला. पुढे प्लेगने पत्नी आणि तान्हा मुलगा दोघेही गेले. १९१२ मध्ये घराला आग लागून ‘चरित्रहीन’चे हस्तलिखित जळाले, ते त्यांनी पुन्हा लिहून काढले.

ब्रह्मदेशास जाण्यापूर्वीच लिहिलेली ‘देवदास’ १९१७ साली प्रसिद्ध झाली. चित्रपटांमुळे ती केवळ विरहकथा वाटते. मूळ कादंबरीत मात्र अडसर स्पष्ट आहे : देवदास जमीनदाराचा मुलगा आणि पार्वतीच्या कुळात मुलीच्या लग्नात पैसे घेण्याची चाल. त्या एका गोष्टीमुळे शेजारचे घर हलके ठरते. देवदासाला नकार देण्याचे स्वातंत्र्य होते आणि त्याने ते वापरले नाही. पार्वतीपाशी ते नव्हतेच.

याहून मोठी कथा मी ‘महेश’ला मानते. गफूर हा गरीब मुसलमान विणकर. त्याचा बैल महेश. दुष्काळात गावच्या ब्राह्मणाकडे पेंढ्याच्या गंजी आहेत, बैलाला मात्र काडी मिळत नाही. जमीनदाराचा मार, मुलीच्या हातून सांडलेले पाणी आणि संतापाच्या एका क्षणी गफूरच्याच हातून महेशचा मृत्यू. तागाच्या गिरणीत धर्म राहत नाही, बायकांची अब्रू राहत नाही, म्हणून जो तेथे जाण्यास कधीच तयार नव्हता, तोच त्या रात्री मुलीचा हात धरून गिरणीच्या वाटेला लागतो. ताट-लोटाही महेशच्या प्रायश्चित्तासाठी मागे ठेवतो. हुगळीकाठच्या गिरण्यांकडे अशी किती माणसे चालत आली असतील!

‘अभागीचा स्वर्ग’ या कथेत दुले जातीच्या एका बाईला केवळ मुलाच्या हातचा अग्नी हवा असतो. अंगणातले झाड तिने स्वतः लावलेले. तरी जमीनदाराच्या परवानगीवाचून ते तोडता येत नाही. अखेर तिला नदीकाठी पुरावे लागते.

१९२६ सालची ‘पथेर दाबी’ सरकारने जप्त केली. १९३६ मध्ये ढाका विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. एफ. ए.ची परीक्षा मात्र शेवटपर्यंत द्यायची राहिली. त्याआधीच रूपनारायण नदीकाठी सामताबेडला त्यांनी घर बांधले होते. ते आजही उभे आहे. हावड्याहून लोकलने देऊलटीला उतरून तेथे जाता येते. १६ जानेवारी १९३८ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.