आंधळे उड्डाण

आमचे अण्णा ट्रक चालवतात. पावसाळ्यात आंबोलीच्या घाटात धुके असे दाटते की स्वतःच्या गाडीचे तोंडही नीट दिसत नाही. अण्णा खिडकीतून डोके बाहेर काढतात, कडेची पांढरी पट्टी धरतात आणि गाडी हाकतात. गाडी अंगाला कळावी लागते, ती पुस्तकातून कळत नाही, हे त्यांचे आवडते मत. हा टोला मला असतो, कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. म्हणून जेम्स डूलिटल या अमेरिकन वैमानिकाचे चरित्र मी थोडे भांडायच्या तयारीनेच वाचले.

डूलिटलचा जन्म १८९६ सालचा, कॅलिफोर्नियातला. बालपण अलास्कातील नोम या थंडगार गावी गेले. अंगाने लहानखुरा, पण मुष्टियुद्धात तरबेज. १९१७ साली तो सैन्यात शिरला, विमान चालवायला शिकला आणि युद्धकाळात दुसऱ्यांना शिकवीत राहिला.

त्या काळचे वैमानिक अण्णांच्याच पंथाचे होते. विमान कलले की बसल्या जागी कळते, असा त्यांचा अभिमान. जमीन दिसत असेपर्यंत ते खरेही होते. ढगात मात्र घात होई. आपला तोल कानाच्या आतल्या बारीक नळ्यांतील द्रवावर अवलंबून असतो. विमान एकाच गतीने वळत राहिले की काही सेकंदांत तो द्रव स्थिरावतो, आणि वैमानिकाला वाटते की आपण सरळच चाललो आहोत. विमान खरोखर सरळ केले तर उलट दिशेला वळल्याचा भास होतो. त्या भासावर विश्वास ठेवून कितीतरी जण गोल गोल फिरत जमिनीवर आदळले.

१९२२ साली डूलिटलने फ्लोरिडापासून सॅन दिएगोपर्यंत अमेरिका एका दिवसाच्या आत ओलांडली. वाटेत रात्री वादळ लागले. विमानात वळण दाखवणारे एक साधे यंत्र होते, त्याने त्याला तारले. यानंतर त्याने जे केले ते मला फार आवडले. एवढे नाव झालेला हा माणूस पुन्हा वर्गात जाऊन बसला! बोस्टनजवळच्या प्रसिद्ध एम.आय.टी.मधून १९२५ साली त्याने विमानशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्याची टिपणे टंकलिखित करून देण्याचे काम पत्नी जो हिने केले.

पुढे लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड येथे गुगेनहाइम निधीच्या मदतीने प्रयोग सुरू झाले. जोरात फिरणारा भोवरा आपला आस सोडत नाही, या तत्त्वावर स्पेरी कंपनीने कृत्रिम क्षितिज आणि दिशा दाखवणारे यंत्र बनवले. कोल्समनने उंचीतला थोडासा फरकही दाखवणारे उंचीमापक दिले. धावपट्टीची दिशा रेडिओ सांगणार होता.

२४ सप्टेंबर १९२९ रोजी डूलिटल मागच्या आसनावर बसला आणि वरून कापडी टप झाकून घेतला. बाहेरचे काहीच दिसेना. पुढे लेफ्टनंट केल्सी होता, काही बिघडले तर सावरण्यासाठी. खाली उभ्या असलेल्यांना दिसावे म्हणून तो हात बाहेर धरून बसला होता. विमान उडाले, वळले, परतले आणि उतरले. सारे पंधरा मिनिटांचे. उतरणे जरा ओबडधोबड झाले, हे डूलिटलने स्वतःच कबूल केले.

१९४२ साली टोकियोवर झालेल्या हल्ल्याचे नेतृत्व त्याने केले, आणि जगाला तो त्यासाठीच आठवतो. मला मात्र त्या हल्ल्याचे कौतुक करवत नाही. वैमानिकांना आसरा देणाऱ्या चिनी गावकऱ्यांवर जपानी सैन्याने भयंकर सूड उगवला. त्या रात्री चीनवर ढग आणि पाऊस होता. डूलिटल यंत्रांकडे पाहत विमान नेत राहिला, पेट्रोल संपत आले तेव्हा साथीदारांसह छत्रीने उडी मारली आणि भातखाचरात पडला. १९९३ साली तो वारला.

सुट्टीत हे सगळे मी अण्णांना सांगितले. डूलिटलबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांना पटला तो केल्सी. दुसरा न पाहता चालवीत असताना हात बाहेर धरून बसणे आपल्याला जमले नसते, असे म्हणाले आणि टायरची हवा बघायला उठले.