फेलिक्स वांकेल

फेलिक्स हाइनरिख वांकेल (जन्म: १३ ऑगस्ट १९०२, लार, बाडेन, जर्मनी, मृत्यू: ९ ऑक्टोबर १९८८, हायडेलबर्ग) हे जर्मन यंत्रसंशोधक होते. वांकेल इंजिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोटरी इंजिनाचे ते जनक मानले जातात. त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. नाझी पक्ष आणि एसएस या संघटनेशी असलेल्या संबंधांमुळे त्यांचे चरित्र वादग्रस्त ठरले आहे. रोटरी इंजिनाच्या मोटारसायकलींनी शर्यतींत मिळवलेले सर्वांत मोठे यश त्यांच्या मृत्यूनंतरचे आहे.

सुरुवातीचे जीवन

वांकेल यांचे वडील वनखात्यात अधिकारी होते. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये ते मारले गेले. त्यानंतर आईने मुलाला घेऊन हायडेलबर्ग येथे वास्तव्य केले. वांकेल यांनी १९२१ मध्ये अंतिम परीक्षा न देताच शाळा सोडली आणि एका शास्त्रीय ग्रंथांच्या प्रकाशनगृहात उमेदवारी पत्करली. यंत्रांची ओढ मात्र कायम राहिली. १९२४ मध्ये त्यांनी हायडेलबर्गमध्ये छोटी कार्यशाळा सुरू केली आणि १९२९ मध्ये फिरत्या दट्ट्याच्या यंत्राचे पहिले पेटंट मिळवले. त्यांची दृष्टी अतिशय अधू होती. वाहन चालवण्याचा परवाना त्यांनी आयुष्यभर घेतला नाही.

राजकीय सहभाग आणि युद्धकाळ

विशीच्या आतच वांकेल ज्यूविरोधी संघटनांकडे ओढले गेले आणि १९२२ मध्ये नाझी पक्षात दाखल झाले. पुढे बाडेनमधील पक्षप्रमुख रोबर्ट वाग्नर यांच्यावर त्यांनी भ्रष्टाचाराचे आरोप केले. या संघर्षातून त्यांना पक्ष सोडावा लागला. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर येताच वाग्नर यांनी त्यांना लार येथे तुरुंगात टाकले. हिटलरचे आर्थिक सल्लागार विल्हेल्म केप्लर यांच्या मध्यस्थीने काही महिन्यांनी त्यांची सुटका झाली.

हा संघर्ष पक्षांतर्गत होता, राजवटीविरुद्धचा नव्हता. १९३६ पासून लिंडाउ येथील त्यांच्या कार्यशाळेला जर्मन हवाई मंत्रालयाचे अर्थसाहाय्य मिळाले. तेथे विमानांच्या इंजिनांसाठी फिरत्या झडपा आणि त्यांच्या वायुरोधक पट्ट्या (सील) यांवर काम चालले. १९४० मध्ये ते एसएसमध्ये दाखल झाले, मात्र दोन वर्षांनी त्यांचे सदस्यत्व काढून घेण्यात आले. युद्ध संपल्यावर फ्रेंच सैन्याने त्यांना अटक केली आणि कार्यशाळेतील सामग्री हलवली. १९४६ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी लिंडाउ येथे नव्याने काम सुरू केले.

एनएसयू आणि रोटरी इंजिन

१९५१ मध्ये नेकार्सउल्म येथील एनएसयू या मोटारसायकल कंपनीशी वांकेल यांचा करार झाला. त्यांच्या रचनेचा फिरता संपीडक बसवलेल्या एनएसयूच्या ५० सीसी विक्रमी वाहनाने १९५६ मध्ये अमेरिकेतील बॉनव्हिल येथे ताशी १९० किलोमीटरपेक्षा अधिक वेग गाठला. याच संपीडकाच्या तत्त्वावरून पुढे इंजिन साकारले. डीकेएम नावाचे हे पहिले इंजिन १ फेब्रुवारी १९५७ रोजी चालवून पाहण्यात आले.

या इंजिनात आतील रोटर आणि बाहेरील कवच हे दोन्ही फिरत असत. त्यामुळे कंप फारच कमी होता, परंतु स्पार्क प्लग बदलण्यासाठीसुद्धा इंजिन खोलावे लागे. एनएसयूचे अभियंते हान्स डीटर पाश्के यांनी कवच स्थिर ठेवून केवळ रोटर फिरणारी सोपी रचना तयार केली. १९५८ मध्ये चाललेली ही रचना वांकेल यांना रुचली नाही, तरी जगभर त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाली ती हीच.

रचना आणि मूळ अडचण

या इंजिनात त्रिकोणी रोटर लंबवर्तुळासारख्या, मधोमध किंचित आत दबलेल्या पोकळीत फिरतो. त्याच्या तीन बाजूंना क्रमाने मिश्रण आत येणे, दाबले जाणे, पेटणे आणि धूर बाहेर जाणे या क्रिया घडतात. दट्ट्याची मागेपुढे होणारी हालचाल नसल्याने इंजिन हलके, आटोपशीर आणि सुरळीत चालणारे असते. मात्र रोटरची टोके पोकळीच्या भिंतीवर सतत घासतात. तेथील सील झिजल्यास वायू गळून शक्ती घटते. एनएसयूच्या १९६७ च्या आरओ ८० या मोटारीला याच दोषाने ग्रासले. १९६९ मध्ये एनएसयू फोक्सवागन समूहात विलीन झाली.

मोटारसायकली

फिख्टेल अँड झाक्सच्या एका रोटरच्या इंजिनावरील हर्क्युलिस डब्ल्यू-२००० ही मोटारसायकल १९७४ मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी आलेली सुझुकी आरई५ ही ४९७ सीसीची गाडी वजनदार, गुंतागुंतीची आणि इंधन अधिक पिणारी ठरली. दोनच वर्षांत तिचे उत्पादन थांबले.

ब्रिटनमध्ये बीएसए समूहात डेव्हिड गार्साइड यांनी फिख्टेल अँड झाक्सच्या इंजिनापासून प्रयोग सुरू केले. बीएसए कोसळल्यावर हे काम नॉर्टनकडे गेले आणि त्यातून ५८८ सीसीचे दोन रोटरचे इंजिन तयार झाले. नॉर्टनने ते आधी पोलिसांच्या गाड्यांना व १९८७ पासून सर्वसामान्य ग्राहकांच्या गाड्यांना बसवले.

उत्तरायुष्य

१९६९ मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने वांकेल यांना मानद डॉक्टरेट दिली. १९७१ मध्ये त्यांनी आपली कंपनी, पेटंटच्या उत्पन्नातील हिश्शासह, लोन्ऱ्हो या ब्रिटिश कंपनीला १० कोटी मार्कांना विकली. उत्तरायुष्यात त्यांनी वेगवान बोटींवर काम केले. प्राण्यांवरील प्रयोगांना पर्याय शोधणाऱ्या संशोधनासाठी त्यांच्या नावे पुरस्कार दिला जातो. हायडेलबर्ग येथे वयाच्या ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर शर्यतींमधील यश

नॉर्टनमधील ब्रायन क्राइटन यांनी हे इंजिन शर्यतीसाठी विकसित केले. रस्त्यावरील गाडीत रोटर थंड करणारी हवाच पुढे इंजिनात जात असे. ती तापलेली असल्याने शक्ती कमी मिळे. क्राइटन यांनी ही हवा धुराच्या नळीतील ओढीने बाहेर काढली आणि इंजिनाला थंड हवा दिली. रोटरी इंजिनाची क्षमता कशी मोजावी, यावर मात्र शर्यतींच्या क्षेत्रात वाद झाला.

१९८९ मध्ये स्टीव्ह स्प्रे यांनी नॉर्टनवर ब्रिटिश फॉर्म्युला वन अजिंक्यपद जिंकले. १९९२ मध्ये आइल ऑफ मॅन येथील सीनियर टीटी शर्यतीत स्टीव्ह हिस्लॉप यांनी नॉर्टन चालवत यामाहावरील कार्ल फोगर्टी यांना ४.४ सेकंदांनी मागे टाकले. १९६१ नंतर नॉर्टनचा या शर्यतीतील हा पहिला विजय होता. १९९४ मध्ये इयान सिम्पसन यांनी नॉर्टनवर ब्रिटिश सुपरबाइक अजिंक्यपद पटकावले. मोटारींच्या शर्यतींत माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी या गाडीने १९९१ ची ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. हे सर्व विजय स्थिर कवचाच्या, म्हणजे वांकेल यांना न रुचलेल्या रचनेचे होते.