मॅट्रिक न झालेल्या माणसानं गावच्या पोरांना कॉलेजची वाट दाखवली

सप्टेंबर महिना आला की शाळाशाळांत कर्मवीर जयंती होते. फोटोला हार घातला जातो, भाषणं होतात, पोरं घरी जातात. पांढरी दाढी, खादीचे कपडे, हातात काठी असा तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण भाऊराव पाटलांनी नेमकं काय केलं, हे आपल्या पोरांना सांगायची वेळ आली तर अर्ध्यावरच थांबतो आपण. म्हणून हा लेख.

भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावचा. घराणं जैन शेतकऱ्याचं, वडील महसूल खात्यात नोकरीला. शिकायला त्यांना कोल्हापूरला पाठवलं. पण पुस्तकात लक्ष कमी आणि अन्याय दिसला की भांडायची सवय. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला गेले म्हणून जैन बोर्डिंगातून बाहेर पडावं लागलं. शाहू महाराजांचं काम मात्र त्यांनी जवळून पाहिलं. मॅट्रिकपर्यंत काही पोहोचले नाहीत. पुढं साताऱ्याला शिकवण्या घेऊन पोट भरू लागले.

तरुणपणी त्यांच्यावर मोठं संकट आलं. कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात एका ओळखीच्या मोठ्या माणसाविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून त्यांच्यावर दबाव आला. त्यांनी नकार दिला आणि कोठडी भोगली. त्या छळात जीव इतका नकोसा झाला की त्यांनी स्वतःला संपवायचाही प्रयत्न केला. त्यातून ते वाचले. ही गोष्ट जयंतीच्या भाषणात सहसा कुणी सांगत नाही. पण सांगायला हवी. एवढा धिप्पाड, एवढा धीराचा माणूससुद्धा एका काळात खचला होता. तो काळ निघून गेला आणि त्यानंतर त्यांच्या हातून जे घडलं त्याला तोड नाही.

सुटल्यावर त्यांनी ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. नांगर विकायचे म्हणजे गावोगाव हिंडायचं, शेतकऱ्याच्या ओट्यावर बसायचं. तिथं त्यांना दिसलं की रयतेचं पोरगं हुशार असलं तरी चौथीच्या पुढं जात नाही. शाळा लांब, तालुक्याला राहायची सोय नाही, राहिलं तर खाणार काय? सांगलीकडच्या दुधगावात 1910 च्या सुमारास त्यांनी सोबत्यांबरोबर विद्यार्थी आश्रम काढला होता. घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करायचं आणि त्यावर पोरं जेवायची. फी भरून भागत नाही, आधी पोराच्या भाकरीची आणि झोपायच्या जागेची सोय लागते, हे त्यांना तिथंच पक्कं कळलं.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 ला संस्था साताऱ्याला आणली. बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन सगळी पोरं एका पंगतीला. त्या काळात ही गोष्ट सोपी नव्हती. 1927 मध्ये गांधीजी आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं.

या सगळ्यात लक्ष्मीबाईंचा वाटा अर्ध्याहून जास्त. त्या जुन्या वळणाच्या घरातून आलेल्या. पण बोर्डिंगातल्या पोरांची आई झाल्या. कुणी आजारी पडलं, कुणाला घरची आठवण आली, तर जवळ बसायच्या. धान्य संपलं तेव्हा अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. 1930 मध्ये त्या गेल्या. भाऊराव एकटे पडले, पण बोर्डिंग बंद पडू दिलं नाही.

पुढं शिक्षक तयार करायचं ट्रेनिंग कॉलेज 1935 मध्ये निघालं, मग गावोगाव शाळा, 1940 मध्ये साताऱ्यात सयाजीराव महाराजांच्या नावाचं मोफत निवासी हायस्कूल. तरी एक अडचण राहिलीच. मॅट्रिक झाल्यावर पोरगं जाणार कुठं? कॉलेज म्हटलं की पुणे, कोल्हापूर नाहीतर सांगली. तो खर्च शेतकऱ्याला झेपणारा नव्हता. म्हणून 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं. इथं कमवा आणि शिका. शेतात राबा, खडी फोडा, स्वयंपाकाला हात लावा आणि बी.ए. व्हा. 1948 मध्ये सरकारवर केलेल्या टीकेमुळं अनुदान थांबलं. तेव्हा लोकांनी आणि गाडगे महाराजांनी साथ दिली. 1954 मध्ये कराडला निघालेल्या कॉलेजला भाऊरावांनी गाडगे महाराजांचंच नाव दिलं.

1959 मध्ये सरकारनं पद्मभूषण दिलं, पुणे विद्यापीठानं डी.लिट. दिली. मॅट्रिक न झालेला माणूस डॉक्टर झाला. त्याच वर्षी 9 मे रोजी ते गेले.

आज तालुक्याला कॉलेज आहे, एस.टी.चा पास आहे, शिष्यवृत्तीचे फॉर्म मोबाईलवर भरता येतात. पण पोरगं शहरात खोली करून एकटं राहतं. परीक्षेचं टेन्शन, स्पर्धा परीक्षेची वर्षं, घरी कर्ज. फोनवर आपण विचारतो, पैसे पोहोचले का, जेवलास का. मन कसं आहे हे कोण विचारतं? कर्मवीरांच्या बोर्डिंगात ते विचारणारी बाई होती.

म्हणून दोन कामाच्या गोष्टी सांगतो. सरकारचा टेलिमानस नंबर आहे, 14416. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पोरालाही द्या, घरातल्या शेतकऱ्यालाही द्या, कारण आपल्याकडं बापसुद्धा गप्प राहून खचतो. आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजारावर उपचार मिळतात. तिथं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. ताप आला की आपण डॉक्टर गाठतो, तसंच हे.

एका खचलेल्या तरुणाचा जीव वाचला म्हणून रयत उभी राहिली. आपल्या गावातल्या खचलेल्या पोराच्या हातून पुढं काय घडणार आहे, हे आज कुणालाच माहीत नाही. त्याला आधी जगवू या. यंदा जयंतीला हार घालाल तेव्हा शाळेच्या फळ्यावर 14416 हा आकडाही लिहून ठेवा.