दहा प्रश्नांसाठी दहा खेपा कशाला? मराठी माणसाची शोधाशोध कमी करणारे ज्ञानकोशकार केतकर

मानोऱ्यात बसून कुणी मोबाईलवर दहा गोष्टी शोधल्या, की प्रत्येक प्रश्न दूरच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि उत्तर घेऊन परत येतो. प्रश्न दहा, तर खेपाही दहा. म्हणून जमेल तिथं अनेक प्रश्नांचं एकच गाठोडं बांधून एका रिक्वेस्टमध्ये पाठवतात. याला बॅचिंग म्हणतात. यादी करून एकदाच बाजारात जावं, तसं.

शंभर वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या गावात अशी एक खेप फार महाग पडायची. बहुतेक माहिती इंग्रजीत आणि ती पुस्तकं मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांत. ही शोधाशोध वाचवायचं वेड ज्यांनी घेतलं, ते डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर.

त्यांचा जन्म 2 फेब्रुवारी 1884 चा, रायपूरचा. शाळा झाली अमरावतीत, पुढे मुंबईचं विल्सन कॉलेज. 1906 मध्ये ते अमेरिकेला गेले आणि 1911 मध्ये कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक तर 1909 मध्येच आलं होतं.

एवढं शिकल्यावर सुखाची नोकरी करता आली असती. पण केतकरांनी मराठी ज्ञानकोश काढायचं ठरवलं. पैसा कुठून आणणार? त्यांनी नागपूरला लिमिटेड कंपनी काढली, गावोगाव फिरून भागीदार आणि वर्गणीदार जमवले. पुढे पुण्यात कचेरी आणि छापखान्याचा संसार उभा राहिला. 1920 मध्ये लग्न झालेल्या जर्मन ज्यू पत्नी ईडिथ, म्हणजेच शीलवतीबाई, या खटाटोपात त्यांच्या सोबत होत्या.

1920 च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे 23 खंड बाहेर पडले. पहिले पाच प्रस्तावनेचे. सहा ते एकवीस अकारविल्हे नोंदींचे. तेविसावा हिंदुस्थानावरचा. शोधाच्या दृष्टीनं कळीचा होता तो बाविसावा, सूचीचा खंड. एखादा विषय अनेक खंडांत विखुरलेला असला तरी सूचीत एकदा पाहिलं की त्याची ठिकाणं सापडायची. सगळे खंड चाळत बसायला नको. आजचं सर्च इंजिनही आधी तयार केलेल्या सूचीतच शोधतं.

याची किंमत मात्र केतकरांनी मोजली. हाती घेतलेला गुजराती ज्ञानकोश पूर्ण झाला नाही. 'ब्राह्मणकन्या'सारख्या कादंबऱ्या लिहिल्या, 1931 मध्ये हैदराबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं, पण पैशाची ओढाताण काही सुटली नाही. 10 एप्रिल 1937 रोजी पुण्यात ते गेले, तेव्हा वय होतं अवघं 53.

पुढे यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननं हा ज्ञानकोश इंटरनेटवर आणला. ज्या वाचकाची खेप वाचावी म्हणून केतकरांनी आयुष्य खर्ची घातलं, तो आता मानोऱ्यातूनही मोबाईलवर त्यांचे खंड उघडू शकतो.