रोनाल्ड फिशर आणि फुटलेली प्रश्नपत्रिका

संख्याशास्त्राच्या तासाला ज्यांचे नाव हटकून निघते, त्या रोनाल्ड फिशर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १८९० रोजी लंडनमध्ये झाला. दृष्टी अधू असल्याने रात्री दिव्याखाली वाचण्याची त्यांना मनाई होती. त्यामुळे गणित मनातच मांडण्याची सवय जडली. केंब्रिजची पदवी १९१२ साली मिळाली आणि १९१९ पासून ते रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रमले. १९३८ च्या जानेवारीत महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते कलकत्त्याच्या परिषदेलाही आले होते. पुढे कर्नाटकातील हडगलीला जन्मलेले सी. आर. राव त्यांच्याच मार्गदर्शनाखाली केंब्रिजचे डॉक्टर झाले.

मला त्यांचे १९३६ चे काम विशेष वाटते. आयरिसच्या तीन जातींची १५० फुले आणि प्रत्येकाची चार मापे. या चार मापांना योग्य वजन देऊन त्यांनी एकच आकडा काढला. असा की एका जातीची फुले जवळ यावीत आणि निराळ्या जाती दूर जाव्यात.

पण ही वजने जात आधी ठाऊक असल्याशिवाय ठरत नाहीत. म्हणजे सूत्राच्या पोटात उत्तर दडलेले असते. ज्या फुलांवरून सूत्र काढले त्यांच्यावरच ते तपासले, तर प्रश्नपत्रिका फोडून परीक्षा दिल्यासारखे होईल. सुरतेच्या कतारगामात हिऱ्यांचे कारखाने आहेत. तेथे नवशिक्याला शंभर हिरे प्रतीसकट दाखवून शिकवले आणि परीक्षेलाही तेच शंभर पुढे ठेवले, तर त्याची पारख कळेल काय?

म्हणून काही नमुने आरंभीच बाजूला ठेवावेत. सरासरी, वजने, सूत्र, सारे उरलेल्यांवरूनच ठरवावे आणि मग ते न बदलता बाजूच्या नमुन्यांना लावावे. आळीपाळीने गट बाजूला ठेवायचे असतील तर दर खेपेस सूत्र नव्याने काढावे. एकदाच सगळ्यांवरून काढून नंतर वाटणी केली, तर पेपर फुटलाच समजा.

आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना हे परके नाही. १९४१ साली डेव्हिड ड्युरँड यांनी हेच तंत्र कर्जदारांना लावले. १९६८ मध्ये एडवर्ड ऑल्टमन यांनी ६६ कंपन्यांवरून दिवाळखोरीचे सूत्र काढले, पण त्याची कसोटी निराळ्या कंपन्यांवर घेतली. फुगलेल्या यशावर विसंबून बँकेने सूत्र वापरले, तर एखाद्या प्रामाणिक माणसाचे कर्ज नाकारले जाईल.

फिशर यांच्या साऱ्याच मतांचा मी चाहता नाही. सुप्रजननवादाचा त्यांनी पुरस्कार केला आणि धूम्रपानाने कर्करोग होतो हे शेवटपर्यंत मानले नाही. २९ जुलै १९६२ रोजी ॲडलेड येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे सूत्र आजही चालते; त्याची परीक्षा सचोटीने घेणे मात्र आपल्याकडे आहे.