कोंड्याचा जमाखर्च मांडणारे कुमारप्पा

वर्ध्याची मगनवाडी आपण सर्वांनीच ऐकली आहे. परंतु तेथे बसून तांदळाच्या कोंड्याचा हिशेब मांडणाऱ्या जे. सी. कुमारप्पांची ओळख फार थोड्यांना आहे.

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनला ते हिशेबतपासनीस झाले आणि मुंबईत व्यवसाय करू लागले. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात भारताच्या दारिद्र्याचा अभ्यास करताना त्यांचे विचार पालटले. १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले आणि त्यांचेच झाले. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याची धुरा कुमारप्पांवर आली.

हातसडीचा तांदूळ हे संघाचे एक प्रमुख कार्य होते. गिरणी धानाचे तूस काढून थांबत नसे. आतला तांबूस कोंडाही घासून टाकी. या कोंड्यात ब१ जीवनसत्त्व असते. ते न मिळाल्यास बेरीबेरी होतो. पाय सुजतात, हृदय दुबळे होते. जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांनी पांढऱ्या तांदळाने लुळ्या पडलेल्या कोंबड्या कोंड्यासकट तांदळाने बऱ्या होताना पाहिल्या. त्यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कुमारप्पांनी या औषधाला अर्थशास्त्राची जोड दिली. गिरणीमुळे गरिबाचे पोषण जाते आणि कांडणारीची मजुरीही जाते, असे ते मांडीत.

माझी आई भंडाऱ्याकडची. लहानपणी तिने धान कांडले आहे. मी हे सारे सांगितले तेव्हा, खांदे किती भरून येत तेही त्या हिशेबात धरले होते का, असे तिने विचारले. प्रश्न रास्त आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. मुसळ सुटले नसते तर माझ्या हाती पुस्तक आले असते की नाही, कोण जाणे! कुमारप्पाही कष्टांचे पूजक नव्हते. मगनवाडीत घाणी, चुली सुधारण्याचे प्रयोग चालत. आज तर फक्त तूस काढून कोंडा राखणारी यंत्रे आहेत. तेव्हा मुसळ नको, पण कोंडा हवा, असे मला वाटते.

कुमारप्पांनी तुरुंगवास भोगला, लग्न केले नाही. पुढे आपल्याच जिल्ह्यातील सेलडोह येथे त्यांनी शेतीचे प्रयोग केले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, ते गेले. ताटातल्या शुभ्र भातासाठी काय गमावले, हे विचारायला त्यांनी शिकवले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याहून मोठा धडा कोणता?