अंटार्क्टिकात पहिली मोटार नेणारा शॅकल्टन दक्षिण ध्रुवाकडे पायी का निघाला?

पेठच्या घाटात भरपावसात गाडी चिखलात रुतली की काय होतं? ॲक्सिलरेटर दाबाल तेवढं चाक जागेवर फिरतं आणि आणखी खाली जातं. अर्नेस्ट शॅकल्टनच्या मोटारीचंही तेच झालं, फक्त बर्फात.

१८७४ मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेला हा गडी सोळाव्या वर्षी जहाजावर नोकरीला लागला. १९०८ मध्ये त्याने अंटार्क्टिकात पहिली मोटार उतरवली, अरोल-जॉन्स्टन कंपनीची. गोठलेल्या समुद्राच्या टणक बर्फावर ती झकास पळायची. भुसभुशीत बर्फ आला की फसायची.

आज मनालीकडे कॅम्पर व्हॅन नेणारे चाकांना साखळ्या लावतात. त्या इंजिन फिरवतं त्याच चाकांना लावायच्या, नाहीतर पुढे जायला उपयोग शून्य. दबलेल्या बर्फात साखळी छान पकड घेते. पण खोल बर्फात गाडीचं पोटच टेकलं, तर साखळी तरी काय करणार! रणगाड्यासारखा पट्टा हा दुसरा पर्याय. पुढे स्कॉटने तशा मोटार-स्लेज नेल्या, त्याही बंद पडल्या.

शॅकल्टन मग तट्टं घेऊन निघाला. तट्टं मेल्यावर चौघांनी स्लेज स्वतः ओढली. ९ जानेवारी १९०९ ला ध्रुव फक्त १८० किलोमीटरवर होता. अन्न पुरणार नव्हतं. तो मागे फिरला आणि चौघेही जिवंत परतले.

१९२२ मध्ये पुन्हा तिकडेच जाताना दक्षिण जॉर्जिया बेटावर हृदयविकाराने तो गेला. कबरही तिथेच आहे.